डेटाबेस कनेक्शन आणि मायग्रेशन : कुठल्या क्रमाने करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठेही जा, दोन-चार डेव्हलपर मिळून एखाद्या पॅकहाउसचं, कोल्ड स्टोरेजचं किंवा व्यापाऱ्याचं ॲप चालवणारी छोटी ऑफिसं भरपूर आहेत. कोड चांगला असतो, पण डेटाबेसचं काम शेवटच्या क्षणी, रात्री डिप्लॉय करताना (नवा कोड सर्व्हरवर चढवताना), जमेल तसं उरकलं जातं. मग सकाळी गाड्या लागल्या की एंट्री होत नाही आणि फोन सुरू होतात. यातल्या बहुतेक चुका ज्ञान कमी म्हणून होत नाहीत, क्रम उलटा केल्यामुळे होतात.

डेटाबेसचा ढाचा, म्हणजे टेबलं आणि कॉलम, बदलायचं काम म्हणजे मायग्रेशन. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ॲपचा कोड आणि डेटाबेसचा ढाचा हे दोन्ही एकाच क्षणी कधीच बदलत नाहीत. मध्ये काही सेकंद, काही मिनिटं, कधी कधी काही दिवस जुना कोड नव्या ढाच्यावर किंवा नवा कोड जुन्या ढाच्यावर चालत असतो. पुढचे सगळे टप्पे या मधल्या वेळासाठी आहेत.

उदाहरण म्हणून समजा पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचं द्राक्षांच्या आवकेचं ॲप आहे. पायथन, एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), अलेम्बिक (तिचं मायग्रेशनचं टूल) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). आवक नावाचं टेबल आहे, त्यात शेतकरी, गट नंबर, वाण, क्रेट आणि वजन. वजन आधी कुणीतरी टेक्स्ट कॉलममध्ये ठेवलंय आणि आता ते आकड्यात, किलोमध्ये हवंय. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) किंवा मायएसक्यूएल (दुसरा डेटाबेस) वापरणाऱ्यांना जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

टप्पा १ : कोड उघडायच्या आधी चार गोष्टी गोळा करा

पहिली, सर्व्हरवर पोस्टग्रेसचं नेमकं व्हर्जन. "पंधरा की सोळा असेल" असं नाही, लॉगिन करून बघा. व्हर्जनप्रमाणे वागणं बदलतं. ११ पासून (२०१८) ठरावीक डिफॉल्ट देऊन कॉलम टाकला तर पूर्ण टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्याआधी जायचं. १५ पासून (२०२२) नव्याने बनवलेल्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात (टेबलांचा मूळ कप्पा) वाटेल त्या यूजरला टेबल बनवता येत नाही, हक्क द्यावा लागतो. लोकलला जुनं व्हर्जन आणि सर्व्हरला नवं असलं की "माझ्याकडे तर चालतंय" हा वाद इथूनच सुरू होतो.

दुसरी, टेबलांचे आकार आणि डिस्कवर मोकळी जागा. टेबल पुन्हा लिहिलं जाणार असेल तर जुनी आणि नवी प्रत काही वेळ दोन्ही डिस्कवर असतात.

तिसरी, डेटाबेसला कोण कोण जोडलं जातं याची यादी. वेब ॲप तर झालंच, पण बॅकग्राउंड वर्कर, रात्रीचा रिपोर्ट, अकाउंटंटने एक्सेलमधून लावलेलं कनेक्शन, मालकांच्या लॅपटॉपवरचं डीबीव्हर (डेटाबेस उघडून बघायचं टूल). ही यादी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अर्धवट असते आणि मायग्रेशन अडकतं ते नेमकं यादीत नसलेल्या कनेक्शनमुळे.

चौथी, वेळ. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या सीझनमध्ये पॅकहाउस रात्रीसुद्धा चालतं, त्यामुळे "रात्री बारानंतर कोणी नसतं" हे गृहीत धरू नका. कांद्याच्या व्यापाऱ्याचं ॲप असेल तर लिलावाच्या वेळेत टेबलाला हात लावायचा नाही. सुपरवायझरना विचारून खरी शांत वेळ ठरवा.

टप्पा २ : दोन वेगळे यूजर बनवा

ॲप सुपरयूजरने जोडलेलं असणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. पोस्टग्रेस नावाचाच यूजर, तोच पासवर्ड, सगळीकडे. असं नका करू. दोन रोल (पोस्टग्रेसमध्ये यूजरला रोल म्हणतात) हवेत, एक मायग्रेशनचा, जो टेबलांचा मालक असेल, आणि एक ॲपचा, ज्याला फक्त वाचायचा, टाकायचा, बदलायचा आणि काढायचा हक्क असेल. ॲपच्या रोलला टेबल ड्रॉप करताच येत नसेल तर कोडमधल्या कुठल्याही चुकीने टेबल जाणार नाही.

मग लगेच पुढची अडचण येते. मायग्रेशनच्या रोलने उद्या नवं टेबल बनवलं की ॲपच्या रोलला त्यावर हक्क आपोआप मिळत नाही, आणि "परमिशन डिनाइड फॉर टेबल" दिसतं. त्यासाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस वापरायचं, पण यात एक बारीक मेख आहे. हा हुकूम ज्या रोलसाठी दिला त्याच रोलने पुढे बनवलेल्या टेबलांना तो लागू होतो. तुम्ही सुपरयूजरने लॉगिन करून नुसताच चालवलात तर तो सुपरयूजरच्या टेबलांना लागू होईल आणि मायग्रेशन रोलची टेबलं तशीच कोरडी राहतील. म्हणून फॉर रोल लिहून मायग्रेशनच्या रोलचं नाव स्पष्ट द्या. सिरियल प्रकारची आयडी असेल तर सीक्वेन्सवरही (आयडीचे आकडे देणारा काउंटर) यूसेज हक्क द्यायला विसरू नका. आयडेंटिटी कॉलम असेल तर त्याची गरज पडत नाही.

तपासा : ॲपच्या रोलने लॉगिन करा, एक ओळ टाका, वाचा, आणि मग मुद्दाम टेबल ड्रॉप करायचा प्रयत्न करा. हे टेस्ट डेटाबेसवर, अर्थातच. ड्रॉप नाकारलं गेलं तरच पुढे जा.

टप्पा ३ : कनेक्शनची माहिती नीट लिहा

कनेक्शनची यूआरएल (यूजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट असलेली ओळ) कोडमध्ये नको, गिटमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. ॲपची वेगळी आणि मायग्रेशनची वेगळी, म्हणजे दोन व्हेरिएबल.

पासवर्डमधली चिन्हं : पासवर्डमध्ये ॲट किंवा हॅशचं चिन्ह असेल तर यूआरएलमध्ये ते जसंच्या तसं चालत नाही. हॅश आला की बरेच पार्सर (यूआरएल वाचणारा कोड) पुढचं सगळं तोडून टाकतात आणि मग "पोर्ट चुकीचा आहे" अशी भलतीच एरर येते, माणूस तासभर फायरवॉल तपासत बसतो. अशी चिन्हं पर्सेंट एन्कोडिंग करूनच टाका, ॲटसाठी पर्सेंट आणि ४०, हॅशसाठी पर्सेंट आणि २३ (आकडे इंग्रजी लिपीतले). किंवा सरळ लांबलचक पण फक्त अक्षरं-आकड्यांचा पासवर्ड ठेवा, ते जास्त बरं.

लोकलहोस्ट : डॉकर कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचं मशीन नाही. कंपोज फाइलमध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसचं जे नाव आहे तेच होस्ट म्हणून द्या. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक गोष्ट, लिनक्सवर होस्ट लोकलहोस्ट दिला की क्लायंट बऱ्याचदा टीसीपीने न जाता सॉकेट फाइलने जातो, त्यामुळे पोर्ट ३३०६ उघडा असूनही "सॉकेट सापडत नाही" येतं.

टाइमआउट : कनेक्ट टाइमआउट दिला नाही तर पोस्टग्रेसचं क्लायंट ठरावीक मर्यादेशिवाय वाट बघत राहू शकतं. ५ सेकंद द्या. स्टेटमेंट टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही. ॲपच्या रोलवर ऑल्टर रोलने १५ सेकंदांच्या आसपास लावा. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गठ्ठा, उघडी ठेवून नुसतं बसलेलं) अशी पडून राहिलेली सेशन्स तोडायचा वेगळा टाइमआउट असतो, तोही लावा. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये येईल.

एसएसएल : डेटाबेस दुसऱ्या मशीनवर किंवा क्लाउडला असेल तर एसएसएल मोड व्हेरिफाय फुल ठेवा. डिफॉल्ट असतो प्रिफर, त्यात सर्व्हर एसएसएल देत नसेल तर गुपचूप साध्या कनेक्शनवर उतरतं.

टाइमझोन : ही आपल्याकडे हमखास चुकणारी गोष्ट. सर्व्हर सहसा यूटीसीवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. दिंडोरीहून पहाटे ४ वाजता आलेली गाडी यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी रात्री साडेदहाची होते. रिपोर्टमध्ये तारीख नुसती कापून घेतली तर पहाटे साडेपाचच्या आधीची सगळी आवक कालच्या तारखेला लागते, आणि शेतकऱ्याची पावती आणि रजिस्टर जुळत नाही. कॉलम टाइमस्टँप विथ टाइमझोन ठेवा, आणि तारीख काढताना आधी एशिया-कोलकाता झोनमध्ये आणून मग काढा.

टप्पा ४ : कनेक्शनचा हिशोब कागदावर मांडा

पूल म्हणजे ॲपने उघडून तयार ठेवलेली कनेक्शन्स. इथे लोक अंदाजे आकडा टाकतात, "पूल ५० ठेव, जास्त असलेला बरा". उलट आहे.

पोस्टग्रेसमध्ये मॅक्स कनेक्शन्स मुळात १०० असतात, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. उरली ९७. आता एसक्यूएलअल्केमीचा डिफॉल्ट पूल ५ आणि वरची सूट (गर्दीत उघडायची जास्तीची कनेक्शन्स, ओव्हरफ्लो) १०, म्हणजे एका प्रोसेसमागे १५ पर्यंत. दोन सर्व्हर, प्रत्येकावर ४ वर्कर (ॲपच्या प्रोसेस), तर २ गुणिले ४ गुणिले १५, झाली १२०. एकही सेटिंग बदललं नाही तरी तुम्ही मर्यादेच्या बाहेर. गर्दी नसताना हे कळत नाही कारण सूटवाली कनेक्शन्स लागतातच असं नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच वेळी दहा ठिकाणी एंट्री सुरू झाली की "टू मेनी क्लायंट्स" येतं.

आणि यात डिप्लॉयचा वेळ धरलेलाच नाही. नवे वर्कर उठतात तेव्हा जुने अजून बंद झालेले नसतात, म्हणून काही सेकंद कनेक्शन्स दुप्पट होतात. हिशोब नेहमी दुपटीवर करा. वरच्या उदाहरणात पूल ३ आणि सूट १ ठेवली तर प्रोसेसमागे ४, एकूण ३२, डिप्लॉयच्या वेळी ६४, बाकी ३३ मध्ये बॅकग्राउंड वर्कर, रिपोर्ट आणि तुमचं स्वतःचं लॉगिन आरामात बसतं.

मॅक्स कनेक्शन्स ५०० करून टाकणं हा उपाय नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस उघडतं, मेमरी जाते आणि छोट्या मशीनवर सगळंच मंदावतं. खरंच जास्त लागत असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम) लावा, तो सहसा ६४३२ पोर्टवर असतो. मायएसक्यूएलमध्ये हीच मर्यादा मुळात १५१ असते, हिशोबाची पद्धत तीच. जँगोमध्ये ५.१ च्या आधी स्वतःचा पूल नव्हता, तिथे साधारण प्रत्येक थ्रेडमागे एक कनेक्शन धरा.

सावध : गनिकॉर्नला (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर) प्रीलोड, म्हणजे कोड आधी एकदाच लोड करणं, लावला असेल आणि वर्कर फुटायच्या आधीच कोडने डेटाबेसला कनेक्ट केलं असेल तर एकच सॉकेट अनेक प्रोसेसमध्ये वाटलं जातं, एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं. फारच विचित्र एरर येतात आणि शोधायला प्रचंड वेळ जातो. फोर्क झाल्यावर (वर्कर फुटल्यावर) प्रत्येक वर्करमध्ये इंजिन डिस्पोज करून नव्याने कनेक्शन घेऊ द्या.

पूल प्री-पिंग (वापरायच्या आधी कनेक्शन जिवंत आहे का ते बघणं) चालू ठेवा. मधला फायरवॉल शांत पडलेली कनेक्शन्स न सांगता तोडतो, आणि सकाळची पहिली एंट्री फेल होते. मायएसक्यूएल स्वतः ८ तासांनी (२८,८०० सेकंद) रिकामं कनेक्शन तोडतं, त्यामुळे तिथे रिसायकलचा वेळ त्यापेक्षा बराच कमी ठेवा.

टप्पा ५ : मायग्रेशनचा रस्ता ॲपपासून वेगळा करा

मायग्रेशन ॲप सुरू होताना आपोआप चालवू नका. दोन सर्व्हर आणि आठ वर्कर असतील तर आठही जण एकदम मायग्रेशन चालवायला धावतात. डिप्लॉयमध्ये ती एक वेगळी पायरी ठेवा, एकाच ठिकाणाहून एकदाच चालणारी, आणि ती फेल झाली तर पुढचं डिप्लॉय थांबलं पाहिजे.

पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर मायग्रेशन त्याच्यातून नेऊ नका, थेट ५४३२ ला जोडा. त्या मोडमध्ये सेशनपुरतं केलेलं सेटिंग आणि सेशनवरचे ॲडव्हायजरी लॉक भरवशाचे राहत नाहीत, आणि बरीच मायग्रेशन टूल्स "दुसरं कोणी चालवत नाही ना" हे बघायला असलेच लॉक वापरतात.

मायग्रेशनच्या रोलवर लॉक टाइमआउट (टेबलाच्या लॉकसाठी किती वेळ थांबायचं ते) ५ सेकंद लावा, का ते टप्पा ७ मध्ये येईल. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

टप्पा ६ : मायग्रेशन फाइल बनवल्यावर डोळ्याने वाचा

ऑटोजनरेटने बनलेली फाइल हा मसुदा आहे. कॉलमचं नाव बदललं तर अलेम्बिकला ते नाव बदलणं म्हणून कळत नाही, त्याला जुना कॉलम गेला आणि नवा आला असं दिसतं, म्हणजे फाइलमध्ये एक ड्रॉप आणि एक ॲड. ती तशीच चालवली तर डेटा गेला. जँगो निदान "नाव बदललं का" असं विचारतो, पण घाईत चुकीचं उत्तर दिलं तर तिथेही तेच.

अलेम्बिकला ऑफलाइन एसक्यूएल पर्याय देऊन, जँगोत एसक्यूएलमायग्रेट चालवून, खरं एसक्यूएल काय निघतंय ते बघा. त्यात ड्रॉप, ऑल्टर टाइप, नॉट नल (कॉलम रिकामा चालणार नाही), रिनेम हे चार शब्द शोधा. यातला एकही सापडला तर थांबा आणि विचार करा, जुना कोड हे झाल्यावर चालेल का.

दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर मायग्रेशन केलं असेल तर मर्ज झाल्यावर दोन हेड (मायग्रेशनच्या साखळीची शेवटची टोकं) होतात. हेड्स कमांडने बघा, एकच हवं. दोन असतील तर मर्ज मायग्रेशन बनवा.

आणि एकदा सर्व्हरवर चालून गेलेली फाइल पुन्हा उघडून बदलायची नाही, एक स्वल्पविरामसुद्धा नाही. फ्लायवे (मायग्रेशनचं आणखी एक टूल) तर चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, जुळवून तिथेच अडवतं. अलेम्बिक अडवत नाही, म्हणून तिथे जास्त जपायचं, कारण मग तुमच्या मशीनवरचा ढाचा आणि सर्व्हरवरचा ढाचा वेगळा होतो आणि ते कुणालाच कळत नाही. चूक सुधारायची तर नवी फाइल.

टप्पा ७ : लॉकची रांग समजून घ्या

"फक्त एक कॉलम टाकला, तरी सगळं ॲप हँग झालं" ही तक्रार फार ऐकू येते, आणि ती खरी असते. आतमध्ये काय होतं ते बघा. अकाउंटंटने मोठा रिपोर्ट लावलाय, आवक टेबल गेली दहा मिनिटं वाचतोय. तुमचं ऑल्टर टेबल येतं, त्याला पूर्ण टेबलावर एकट्याचा लॉक हवा असतो, म्हणून ते रिपोर्ट संपायची वाट बघत थांबतं. आता त्याच्या मागून येणारी प्रत्येक साधी क्वेरी, नुसती वाचणारीसुद्धा, ऑल्टरच्या मागे रांगेत उभी राहते, गंगापूर रोडवर आडवा ट्रक लागला की मागे स्कूटरवालेही अडकतात तसं. ऑल्टर स्वतः काही मिलिसेकंदांचं काम आहे, पण थांबलेलं असताना ते सगळ्यांना थांबवतं.

म्हणून लॉक टाइमआउट. ५ सेकंदांत लॉक मिळाला नाही तर मायग्रेशन फेल होऊ द्या, रांग मोकळी होईल, दोन मिनिटांनी पुन्हा चालवा. फेल झालेलं मायग्रेशन पोस्टग्रेसमध्ये आपोआप मागे फिरतं कारण ढाच्यातले बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. मायएसक्यूएलमध्ये तसं नाही, तिथे प्रत्येक ढाचा-बदलाबरोबर कमिट होऊन जातो, म्हणून पाच बदलांच्या फाइलमध्ये तिसऱ्याला फेल झालं तर दोन झालेले तसेच राहतात. मायएसक्यूएलवाल्यांनी एका फाइलमध्ये एकच बदल ठेवावा.

अलेम्बिक मुळात सगळी बाकी असलेली मायग्रेशन्स एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतं. म्हणजे पहिल्या फाइलने घेतलेला लॉक शेवटची फाइल संपेपर्यंत सुटत नाही. प्रत्येक मायग्रेशनला वेगळी ट्रान्झॅक्शन द्यायचं सेटिंग आहे, ते चालू करा.

तपासा : चालवायच्या आधी पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमध्ये (चालू सेशन्सची पोस्टग्रेसची यादी) बघा, किती वेळेपासून उघड्या ट्रान्झॅक्शन्स आहेत. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" असं लिहिलेलं काही दिसलं, की कोणीतरी डीबीव्हरमध्ये बदल करून कमिट न करता चहाला गेलंय. तो लॉक धरूनच बसलेला असतो.

इंडेक्स टाकायचा असेल तर कॉन्करंटली शब्दासह, नाहीतर इंडेक्स होईपर्यंत टेबलात एंट्री बंद. कॉन्करंटली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून अलेम्बिकमध्ये ऑटोकमिट ब्लॉक वापरा, जँगोत ॲटॉमिक फॉल्स करा. मधेच फेल झाला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, जो क्वेरीला उपयोगी पडत नाही पण प्रत्येक एंट्रीला ओझं टाकतो. तो ड्रॉप करून पुन्हा बनवायचा.

टप्पा ८ : बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा

पीजी डंप (पोस्टग्रेसचं बॅकअपचं टूल) वापरून कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या. तुमच्या मशीनवरचं पीजी डंप सर्व्हरपेक्षा जुन्या मेजर व्हर्जनचं असेल तर ते काम करायला नकार देतं, हे रात्री अकराला कळण्यापेक्षा दुपारी कळू द्या. मग तो बॅकअप दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करा, आवक टेबलातल्या ओळी मोजा, शेवटची एंट्री कधीची ते बघा. आणि त्याच प्रतीवर मायग्रेशन चालवून बघा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून टिपा. दहा ओळींच्या लोकल डेटाबेसवर चाललं याला काही अर्थ नाही.

टप्पा ९ : खरा बदल, सहा पायऱ्यांत

आता वजनाचं काम. घाईचा रस्ता म्हणजे ऑल्टर टाइप करून टेक्स्टचं न्यूमेरिक करणं. ते पूर्ण टेबल लॉक करून पुन्हा लिहितं, आणि आपल्याकडे तर ते बहुतेक वेळा फेलच होईल, कारण कॉलममध्ये "१२.५ क्विंटल", "१२५० किलो", नुसतं "१२५०" असं सगळं मिळून असतं आणि त्यात काही ठिकाणी आकडे मराठीत टाइप केलेले असतात. पोस्टग्रेस न्यूमेरिकमध्ये बदलताना देवनागरी आकडे घेत नाही, सरळ एरर देतं. पायथनचं डेसिमल मात्र देवनागरी आकडे समजतं, "१२.५" दिलं तर बरोबर वाचतं. जावास्क्रिप्ट पुन्हा समजत नाही. म्हणजे तीच ओळ बॅकएंडला चालते, डेटाबेसमध्ये फेल होते आणि ब्राउझरमध्ये "नॅन" दिसते. एसक्यूएलमध्येच करायचं तर ट्रान्सलेट फंक्शनने दहाही आकडे आधी इंग्रजी करून घ्या.

पायरी एक, नवा कॉलम टाका, वजन किलो, न्यूमेरिक, रिकामा राहू शकेल असा. नॉट नल आत्ता नको, कारण जुना कोड हा कॉलम भरत नाही, त्याची प्रत्येक एंट्री फेल होईल. फ्लोट नको, वजनावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तिथे पैशापैशाचा हिशोब जुळला पाहिजे.

पायरी दोन, नवा कोड डिप्लॉय करा जो दोन्ही कॉलम लिहितो पण अजून जुनाच वाचतो. सगळे वर्कर नवे झालेत याची खात्री करा.

पायरी तीन, जुन्या ओळी भरा. हे पायरी दोनच्या आधी केलं तर मधल्या वेळात जुन्या कोडने टाकलेल्या ओळी सुटतात, आणि हा क्रम बरेच जण उलटा करतात. एका फटक्यात सगळ्या टेबलाचं अपडेट नको, आयडीप्रमाणे हजार-दोन हजार ओळींचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट. हे मायग्रेशन फाइलमध्ये न टाकता वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे मधे थांबलं तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. जी ओळ समजत नाही, म्हणजे नुसतं "१२" लिहिलंय आणि क्विंटल की किलो ते माहीत नाही, ती रिकामीच ठेवा. अंदाज करू नका. यादी काढून पॅकहाउसच्या ऑफिसला द्या, ते पावती बघून सांगतील.

तपासा : जुना कॉलम भरलेला आणि नवा रिकामा अशा ओळी किती? फक्त त्या यादीतल्याच असायला हव्यात. मग नव्या कॉलममधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात छोटी वीस-वीस वजनं डोळ्याने बघा. क्विंटल-किलोचा घोळ शंभर पटीचा असतो, तो तिथे लगेच दिसतो.

पायरी चार, यादीतल्या ओळी भरून झाल्या की नॉट नल लावा, पण सरळ नाही. आधी चेक कन्स्ट्रेंट नॉट व्हॅलिड म्हणून टाका, ते क्षणात होतं. मग दुसऱ्या मायग्रेशनमध्ये व्हॅलिडेट करा, हे टेबल पूर्ण वाचतं पण एंट्री थांबवत नाही. त्यानंतर सेट नॉट नल, १२ आणि पुढच्या व्हर्जनमध्ये ते त्या चेकवर विश्वास ठेवून पुन्हा टेबल वाचत नाही. शेवटी चेक काढून टाका. जुन्या कॉलमवर नॉट नल असेल तर तेही इथेच काढा, नाहीतर पुढच्या पायरीला नवा कोड जुना कॉलम भरायचं थांबवेल आणि एंट्री फेल होईल.

पायरी पाच, कोड नव्या कॉलमवर वाचायला लावा आणि दोन-चार दिवस तसंच चालू द्या. रिपोर्ट जुळतात का बघा. मग वेगळ्या डिप्लॉयमध्ये जुना कॉलम मॉडेलमधून काढा. हे वेगळं यासाठी, की एसक्यूएलअल्केमी आणि जँगो दोन्ही मॉडेलमधल्या सगळ्या कॉलमांची नावं क्वेरीत लिहितात. तुम्ही तो कॉलम कुठेच वापरत नसलात तरी मॉडेलमध्ये असेपर्यंत क्वेरीत येतो, आणि तो ड्रॉप केला की आवकेची प्रत्येक क्वेरी फेल.

पायरी सहा, जुना कॉलम ड्रॉप. याची घाई अजिबात नको. निफाड-दिंडोरीच्या आतल्या गावांत नेटवर्क धड नसतं, म्हणून फील्डच्या फोनवर ऑफलाइन एंट्री करून नंतर सिंक करायची सोय असते, आणि त्या फोनांवर ॲपचं जुनं व्हर्जन किती दिवस राहील ते तुमच्या हातात नाही. एपीआयमध्ये जुन्या पद्धतीचं वजन आलं तर ते ओळखून किलोत बदलायचा कोड ठेवा, आणि लॉगमध्ये मोजत राहा. जुन्या व्हर्जनकडून काही येणं बंद झालं की मगच तो कोड काढा.

टप्पा १० : मागे फिरायची वेळ आली तर

डाउनग्रेड (मायग्रेशन उलटं चालवणं) म्हणजे डेटा परत येतो असं नाही. ड्रॉप केलेला कॉलम डाउनग्रेडने परत बनतो, पण रिकामा. म्हणून पायरी एक ते पाचमध्ये काही बिघडलं तर डेटाबेसला हात न लावता फक्त कोड मागच्या व्हर्जनवर न्या, ढाचा दोन्ही कोडला चालतो म्हणूनच तर एवढा खटाटोप केला. अपवाद दोन, नव्या कॉलमवर नॉट नल लागल्यावर दोन्ही कॉलम लिहिणाऱ्या कोडच्या मागे जाऊ नका. आणि मॉडेलमधून जुना कॉलम काढल्यानंतर मागे जायचं असेल तर मधल्या काळातल्या ओळींमध्ये जुना कॉलम रिकामा आहे हे लक्षात ठेवून तो आधी नव्यावरून भरून घ्या. पायरी सहाच्या आधी मात्र ताजा बॅकअप हवाच, आणि तो निदान पुढचा सीझन संपेपर्यंत सर्व्हरच्या बाहेर वेगळ्या जागी ठेवा. वजनावरून शेतकऱ्याचा प्रश्न तीन महिन्यांनीही येऊ शकतो, तेव्हा मूळ एंट्रीत नेमकं काय लिहिलं होतं ते दाखवता आलं पाहिजे.